काळी माती आणि किरणोत्सारी पाणी

केळापूर तालुक्याच्या काळ्या रानात ज्याने कापूस पिकवला, त्याला हे सांगावे लागत नाही की, चांगली माती खताचा कस धरून ठेवते. या धरून ठेवण्याचे इंगित शोधण्याचा प्रयत्न इंग्लंडात एच. एस. थॉम्प्सन या शेतीच्या अभ्यासकाने केला. मातीने भरलेल्या नळीत त्याने अमोनियाचा क्षार ओतला. खाली निथळला तो चुन्याचा क्षार! पुढे जे. टी. वे या रसायनज्ञाने पुष्कळ प्रयोग करून १८५० साली निष्कर्ष मांडला की, माती नुसती गाळत नाही, ती देवघेव करते. आज आपणांस त्याचे कारण ठाऊक आहे. चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण विद्युत्भार असतो. त्यांना बिलगलेला चुन्याचा कण सुटतो आणि त्याच्या जागी दुसरा धनभारित कण येऊन बसतो. हाच आयन-विनिमय.

आपल्या काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या अंगी हा गुण विशेष आहे. ज्या काळ्या पाषाणापासून अशी माती झाली, त्याच्या पोकळ्यांत पुणे, नाशिक, जळगाव भागांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात. तेही याच गुणाचे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत गान्स याने असे पदार्थ कृत्रिम रीतीने बनवून, साबणाला फेस न येणारे पाणी मऊ केले. १९३५ मध्ये सेंद्रिय राळी निघाल्या आणि खनिजे मागे पडली. त्यांना पुन्हा मान दिला तो अणुयुगाने. सीझियम-१३७ व स्ट्रॉन्शियम-९० यांच्या किरणांच्या माऱ्याखाली सेंद्रिय राळ खराब होते; खनिज टिकते. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर दूषित पाणी झिओलाइटमधून गाळण्यात आले. २०११ च्या अपघातानंतर जपानात फुकुशिमा येथेही. आपल्याकडे तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात सीझियम पकडण्यासाठी तांब्याच्या फेरोसायनाइडची योजना झाली.

तथापि एक भ्रम नसावा. विनिमयाने विष नाहीसे होत नाही. ते पाण्यातून निघून खनिजात बसते. सीझियम-१३७ चा किरणोत्सार निम्मा होण्यास सुमारे ३० वर्षे लागतात, हजारांश होण्यास ३००. रघूजी भोसल्यांनी नागपुरास गादी स्थापन केली, त्यास अद्याप ३०० वर्षे झालेली नाहीत. तेवढा काळ त्या खनिजाची राखण करावी लागणार. पाणी शुद्ध झाले म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.