रक्तगट न जुळणारे मूत्रपिंडरोपण

दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाली, की रुग्णापुढे दोनच मार्ग उरतात. डायलिसिस करीत राहणे किंवा दुसऱ्याचे मूत्रपिंड आपल्या शरीरात बसवून घेणे. बहुतेक रुग्णांना दुसरा मार्ग अधिक हितकारक असतो. परंतु त्याच्या दाराशीच अनेक कुटुंबे अडतात. पत्नी मूत्रपिंड देण्यास तयार असते, तिची प्रकृती उत्तम असते, पण तिचा रक्तगट 'ए' आणि पतीचा 'बी' निघतो. काही दशकांपूर्वी अशा दाम्पत्याला डॉक्टरांकडून नकारच मिळत असे. आज डॉक्टर आधी एक प्रश्न विचारतात : दात्याच्या गटाविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तात किती आहेत?

अडचण कोठे असते?

व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. 'ए' व 'बी' ही प्रतिजने म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करांच्या साखळ्या होत. त्या तांबड्या पेशींप्रमाणेच रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावरही असतात आणि मूत्रपिंड हे तर रक्तवाहिन्यांचे दाट जाळेच आहे. ज्याच्या पेशींवर 'ए' प्रतिजन नसते, त्याच्या रक्तात 'ए'विरोधी प्रतिपिंडे तान्हेपणीच तयार होतात. कारण आतड्यातील काही जिवाणूंच्या अंगावर तशाच शर्करा असतात. त्यामुळे पूर्वतयारी न करता विजोड गटाचे मूत्रपिंड जोडले, तर ही प्रतिपिंडे त्याच्या रक्तवाहिन्यांवर हल्ला चढवितात. आत गुठळ्या होतात आणि काही मिनिटांत वा तासांत मूत्रपिंड निकामी होते.

'ओ' गटाच्या दात्याचे मूत्रपिंड सर्वांना चालते, तर 'एबी' गटाच्या रुग्णाला कोणाचेही चालते. रक्त देताना महत्त्वाचा ठरणारा आरएच घटक मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर नसतो. त्यामुळे 'पॉझिटिव्ह' व 'निगेटिव्ह' हा भेद येथे आड येत नाही.

प्रयत्नांचा इतिहास

माणसाचे मूत्रपिंड माणसाला बसविण्याचा पहिला ज्ञात प्रयोग १९३३ मध्ये युक्रेनमधील शल्यविशारद युरी व्होरोनॉय यांनी केला. मृत दात्याचा गट 'बी', तर रुग्णाचा 'ओ' होता. मूत्रपिंड टिकले नाही आणि दोन दिवसांत रुग्ण दगावला. १९५४ मध्ये बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी रोपण केले, ते एकरूप जुळ्या भावांमध्ये. तेथे रक्तगटाचा प्रश्नच नव्हता. पुढे गट जुळणे ही रोपणाची पहिली अट ठरली.

ही अट जाणीवपूर्वक मोडली ती बेल्जियमच्या गी अलेक्झांड्र यांनी, १९८० च्या दशकात. रोपणापूर्वी प्रतिपिंडे काढून टाकणे आणि रोपणाच्या वेळी प्लीहाही काढणे, ही त्यांची पद्धत होती. जपानमध्ये मेंदूमृत दात्यांकडून अवयव घेण्यास १९९७ पर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. घरच्या दात्यांवरच भिस्त असल्याने तेथील शल्यविशारदांनी १९८९ पासून हे तंत्र मोठ्या प्रमाणावर अवलंबिले. २००१ मध्ये स्वीडनमध्ये प्लीहा काढण्याऐवजी 'रिटुक्सिमॅब' हे औषध वापरण्यास आरंभ झाला आणि रुग्णाची एक मोठी शस्त्रक्रिया वाचली.

तयारी कशी होते?

प्रथम रुग्णाच्या प्रतिपिंडांचे प्रमाण मोजतात. रक्तरस दर वेळी दुप्पट पातळ करीत जातात आणि दात्याच्या गटाच्या तांबड्या पेशींची गुठळी कोठवर होते ते पाहतात. १२८ पट पातळ करूनही गुठळी होत असेल, तर प्रमाण '१:१२८' असे नोंदवितात. रोपणाच्या वेळी ते साधारणतः १:८ किंवा त्याखाली असावे, असा अनेक केंद्रांचा दंडक असतो. १२८ वरून ८ वर येण्यासाठी प्रमाण चार वेळा निम्मे व्हावे लागते.

प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींचा पुरवठा थांबविण्यासाठी रिटुक्सिमॅब सामान्यतः काही आठवडे आधी देतात. त्यानंतर प्लाझ्माफेरेसिसच्या यंत्रातून रुग्णाचा रक्तरस वेगळा करून टाकून देतात व त्याच्या जागी अल्ब्युमिन किंवा 'एबी' गटाचा रक्तरस भरतात. या गटाच्या रक्तरसात दोन्हींपैकी कोणतीच प्रतिपिंडे नसतात, म्हणून त्याची निवड केली जाते. केवळ हवी तीच प्रतिपिंडे गाळून घेणारे स्तंभही उपलब्ध आहेत. मात्र ते महाग पडतात.

रोपणानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत जोखमीचे. या काळात प्रतिपिंडे पुन्हा उसळली, तर मूत्रपिंड धोक्यात येते. म्हणून त्यांचे प्रमाण वारंवार तपासले जाते. हा टप्पा पार पडला, की एक नवल घडते. प्रतिपिंडे परत आली, तरी नवे मूत्रपिंड त्यांना दाद देत नाही आणि आपले काम करीत राहते. या जुळवून घेण्यामागचे सारे रहस्य अद्याप उलगडलेले नाही, पण संपूर्ण उपचारपद्धती त्याच्याच आधारावर उभी आहे.

धोके आणि पर्याय

या मार्गाची किंमत मोजावी लागते. प्रतिकारशक्ती अधिक दडपली गेल्याने जंतुसंसर्गाची भीती वाढते. आपल्याकडे क्षयरोगाचीही धास्ती असते. रक्तरसाबरोबर रक्त गोठविणारे घटकही निघून जात असल्याने रक्तस्रावाचा धोका असतो. गट जुळलेल्या रोपणाच्या तुलनेत पहिल्या वर्षातील अपयश काहीसे अधिक असते. दीर्घकालीन निष्कर्ष मात्र बरेच जवळ येतात. खर्चही काही लाख रुपयांनी वाढतो.

म्हणून अदलाबदलीचा पर्याय आधी तपासणे शहाणपणाचे. एका दाम्पत्यात पती 'बी' व पत्नी 'ए', तर दुसऱ्यात पती 'ए' व पत्नी 'बी' असेल, तर दोन्ही पत्नी एकमेकींच्या पतीला मूत्रपिंड देऊ शकतात. १९९४ च्या मानवी अवयव रोपण कायद्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीने जवळच्या नातलगांच्या अशा जोड्यांना परवानगी मिळाली. अडचण येते ती 'ओ' गटाच्या रुग्णांची. त्यांना 'ओ' गटाचेच मूत्रपिंड चालते. पण ज्या घरात 'ओ' गटाचा दाता असतो, त्या घराला गटासाठी अदलाबदल करावीच लागत नाही. साहजिकच या रुग्णांना जोडी मिळणे दुर्घट होते. मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव असले, तरी वाट लांबते. विजोड गटाच्या रोपणाचा खरा आधार अशांनाच आहे.

रक्तगट हा एकच अडसर नसतो, हेही ध्यानात ठेवावे. गर्भारपण, पूर्वीचे रक्तसंक्रमण किंवा आधीचे रोपण यांमुळे रुग्णाच्या शरीरात दात्याच्या ऊतकांविरुद्ध वेगळी प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात. त्यासाठी क्रॉसमॅच चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते.

घरातला इच्छुक दाता केवळ गट जुळत नाही म्हणून परस्पर माघारी फिरू नये. त्याची तपासणी, रुग्णाच्या प्रतिपिंडांचे मोजमाप आणि अदलाबदलीच्या यादीत जोडीची नोंद, ही तिन्ही कामे डायलिसिसच्या सुरुवातीच्या काळातच व्हावीत. डायलिसिसवरची वर्षे जितकी वाढतात, तितका रोपणाचा लाभ घटत जातो.