मरक्कवी

४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मी एक चित्र स्टेटसला ठेवलं आणि झोपलो. चित्र कुणी काढलं होतं ते मला आजही माहीत नाही. वारली पद्धतीची माणसं एका झाडाभोवती फेर धरून उभी, आणि खाली 'आरे वाचवा'. त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आरेच्या याचिका फेटाळल्या होत्या. त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं पडायला लागली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. माझं स्टेटस ११२ जणांनी पाहिलं. चोवीस तासांनी तेही गेलं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. इलेक्ट्रिकल. आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण तो वेगळा विषय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी लोडशेडिंगमध्ये वाढलोय. आमच्या गावात बारा-बारा तास वीज नसायची. चौथी-पाचवीचा अभ्यास मी कंदिलाच्या काजळीत केलाय. मोटार सुरू करायला बाबा रात्री दोनला उठून शेतात जायचे. त्यामुळे 'धरण नको, जंगल हवं' असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, तुमच्या घरी वीज आहे ना?

ऑफिसमध्ये जेवताना एकदा आरेचा विषय निघाला. मी म्हणालो, चित्रांनी आणि कवितांनी झाडं वाचत नसतात. टीममधली एक मल्याळी सहकारी हसली. म्हणाली, "माझे बाबाही हेच म्हणायचे. ते वीज मंडळात लाइनमन होते. ते त्या लोकांना मरक्कवी म्हणायचे."

मल्याळममध्ये 'मरम्' म्हणजे झाड. मरक्कवी म्हणजे झाडांचे कवी. सत्तर-ऐंशीच्या दशकात केरळमध्ये ही शिवी होती. आपल्या मराठी कानाला तर त्यात 'मर' ऐकू येतं, म्हणून शब्द डोक्यातून जाईना. मग वाचत गेलो.

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात सायलेंट व्हॅली नावाचं सदाहरित जंगल आहे. नाव इंग्रजी असलं तरी जुनं स्थानिक नाव सैरंध्री, म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी. त्यातून वाहणाऱ्या नदीचं नाव कुंती. ही नदी एका अरुंद घळीतून खाली पडते आणि धरण बांधणाऱ्याला अशी जागा लॉटरीसारखी असते. इंग्रजांच्या काळात, १९२८ मध्येच, ती हेरून ठेवली होती. १९७३ मध्ये नियोजन आयोगाने प्रकल्पाला मंजुरी दिली. सुमारे १३० मीटर उंचीचं धरण (कोयनेचं १०३ मीटर आहे), सुरुवातीला १२० मेगावॉट वीज, आणि पाण्याखाली जाणार ८३० हेक्टर.

कागदावर मीही याला हो म्हटलं असतं. मलबार हा केरळचा मागासलेला भाग. उद्योग नाहीत, दिवे मिणमिणते. आणि विरोध कशासाठी? तर सिंहपुच्छ वानरासाठी. काळं अंग, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ, शेपटीला गोंडा, आणि राहणार फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात. माकडं मोठी की माणसं, असं तेव्हा उघड विचारलं जायचं. सरकार, विरोधी पक्ष, कामगार संघटना, वर्तमानपत्रं, सगळे बहुतेक धरणाच्या बाजूने होते.

१९७६ मध्ये केंद्राने एक कृती गट नेमला. अध्यक्ष होते मुंबईचे झफर फतेहअली, सालिम अलींच्या परिवारातले पक्षिप्रेमी. गटाने सांगितलं, प्रकल्प सोडून द्या. पण सोडणं शक्यच नसेल तर या सतरा अटी पाळा. झालं. राज्य सरकारने सतरा अटी उचलल्या आणि म्हणालं, पाळतो की! मुख्य शिफारस बाजूला पडली. ज्याने कुणी क्लायंटला 'नको, पण करायचंच असेल तर' असं ईमेल लिहिलंय, त्याला यात नवल वाटणार नाही.

इथे केरळ शास्त्र साहित्य परिषद येते. ही संस्था १९६२ ची. विज्ञान मल्याळममध्ये लिहायचं, लोकांपर्यंत न्यायचं, असं तिचं साधं काम. शिक्षक आणि सरकारी नोकर बरेच. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी जंगल वाचवायला हवं असा लेख लिहिला, त्यावर संस्थेतच वाद झाले. कारण संस्थेतल्या अनेकांचा कल डावा, आणि डाव्यांना धरण हवं होतं. शेवटी १९७९ मध्ये परिषदेने पाच जणांचा एक अहवाल काढला. पाच जण कोण ते पाहा. प्रसाद, एक कृषिशास्त्रज्ञ, एक अर्थतज्ज्ञ आणि दोन इंजिनिअर. त्यातले व्ही. के. दामोदरन विद्युत अभियंता, आणि एम. पी. परमेश्वरन तर अणुअभियंता, आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनेक वर्षं काम केलेले.

या अहवालाने माझा प्रश्न विचारला. वीज हवी की नको? उत्तर होतं, हवी. मग मलबारमध्ये अंधार का? केरळ तर तेव्हा शेजारच्या राज्यांना वीज विकत होता. अडचण होती वाहिन्यांची आणि वितरणाची. म्हणजे टाकी भरलेली, पण पाइप नाही, आणि आपण दुसरी टाकी बांधायला निघालोय. ज्या सिंचनाचं आणि रोजगाराचं आश्वासन दिलं जात होतं, तेही त्यांनी तपासलं आणि दुसरे मार्ग सुचवले. नुसतं 'नको' म्हणून ते थांबले नाहीत.

पण अहवाल कोण वाचतं? मी तीन वर्षांच्या नोकरीत एकाही डॉक्युमेंटचं परिशिष्ट वाचलेलं नाही.

सुगतकुमारी नावाच्या कवयित्री होत्या. प्रसादांचा लेख वाचून त्या हलल्या. त्यांनी इतर लेखकांना गाठलं. एन. व्ही. कृष्णवारियर, ओ. एन. व्ही. कुरूप, अय्यप्प पणिक्कर, कडम्मनिट्टा रामकृष्णन ही मल्याळम कवितेतली मोठी नावं. आपल्याकडे विंदा, कुसुमाग्रज, पाडगावकर एका गाडीतून गावोगाव फिरताहेत अशी कल्पना करा. प्रकृती संरक्षण समिती उभी राहिली. सुगतकुमारींनी 'मरत्तिनु स्तुति' म्हणजे झाडाची स्तुती ही कविता लिहिली, आणि ती सभांच्या सुरुवातीला प्रार्थनेसारखी म्हटली जाऊ लागली. १९८० पासून परिषदेचे कलाजत्थेही गावांतून फिरू लागले. चौकात गाणी, छोटी नाटकं, विज्ञानाच्या गोष्टी. ज्यांना सत्यशोधकी जलसे किंवा शाहीर अमर शेखांचा डफ ठाऊक आहे त्यांना हा प्रकार वेगळा सांगायला नको.

मला जे लक्षात यायला वेळ लागला ते हे की हे लोक माझ्यासारखे स्टेटस ठेवत नव्हते. सभेत कुणी उठून विचारायचं, आमच्या दिव्यांचं काय? तेव्हा कवितेनंतर बोलणाऱ्याकडे मेगावॉटचा हिशेब असायचा. आणि नुसता हिशेब असता तर सभेला कुणी आलंच नसतं. शिव्या मात्र कवींच्याच वाट्याला आल्या. विकासाचे शत्रू, परदेशी हस्तक, आणि अर्थात मरक्कवी.

कोर्टात ते हरले. जानेवारी १९८० मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. आरेची ती संध्याकाळ आठवली हे वाचताना. फरक एवढाच की इथे फेटाळल्यानंतरही लोक जागे होते. त्याच महिन्यात इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या, काम थांबवायला सांगितलं गेलं, आणि एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र-राज्य अशी संयुक्त समिती बसली. तिच्यात पुण्याचे माधव गाडगीळ होते. १९८३ मध्ये समितीचा अहवाल आला आणि प्रकल्प गुंडाळला गेला. नोव्हेंबर १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, सप्टेंबर १९८५ मध्ये राजीव गांधींनी त्याचं उद्घाटन केलं.

इंदिरा गांधींमुळेच झालं, असं म्हणणारे आहेत. जगभरातून दबाव होता हेही खरं. पण ज्या राज्यातले सगळे मोठे पक्ष धरण मागत होते, तिथे 'हे केरळच्या लोकांनाही नको आहे' असं दिल्लीला म्हणता यावं इतपत आवाज कुणी तयार केला, हा प्रश्न उरतोच.

मागच्या डिसेंबरात मी तिथे गेलो. सहकारीचे बाबा मन्नारक्काडजवळ राहतात, तेही सोबत आले. सत्तरी ओलांडलेले, मुंडू खोचून माझ्यापुढे चालणारे. मुक्कालीपासून वनखात्याच्या जीपने सुमारे २३ किलोमीटर आत गेलं की सैरंध्रीला एक उंच मनोरा आहे. वर चढल्यावर सगळीकडे झाडांचे शेंडे, आणि खाली खोल कुंतीची पांढरी रेघ. अंकलनी हाताने दाखवलं, भिंत तिथे येणार होती. मी दोन कड्यांमधलं अंतर नजरेने मोजलं. खरंच उत्तम जागा आहे. इंजिनिअर म्हणून खोटं कसं बोलू?

मी विचारलं, "अंकल, तुम्ही हसायचा ना त्यांना?"

"हसायचो. आमच्या युनियनचे सगळेच हसायचे. एकदा सभेत ओरडलो होतो, कविता पेटवून दिवा लावा म्हणून."

"मग?"

ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "मग नंतर लाइनी आल्या. नवे खांब, नवे ट्रान्सफॉर्मर. मीच ओढल्या त्या तारा. तेव्हा कुणीतरी म्हणालं, ते अहवालवाले हेच सांगत होते. तो अहवाल मी काही वाचला नव्हता. कविता मात्र पाठ होती. इतक्या वेळा ऐकली होती, काय करणार!"

खाली उतरताना त्यांनी ती म्हटली. मला एक शब्द कळला, मरम्.

सुगतकुमारींचं पुढचं काम मला जास्त भावतं. सायलेंट व्हॅली जिंकल्यावर त्या शेजारच्याच अट्टप्पाडीत गेल्या. तिथल्या डोंगरउतारांवरचं जंगल तोडून उजाड झालं होतं. तिथे स्थानिक आदिवासींना सोबत घेऊन त्यांनी पुन्हा झाडं लावली. त्या रानाला कृष्णवनम् म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये कोविडने त्या गेल्या.

मी परत आलो त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या रस्त्यावरच्या झाडांवर नोटिसा लागल्या. रस्ता रुंदीकरण. नोटिशीत झाडं होती चौदा. मी एका रविवारी टेप घेऊन गेलो आणि मोजली, तर तेवीस भरली. पर्यायी आखणी केली तर त्यातली सोळा वाचतात, हेही काढलं. त्याला तीन रविवार गेले. सोसायटीच्या ग्रुपवर पीडीएफ टाकली. दोघांनी उघडली.

मग आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलीला सांगितलं. ती अ‍ॅनिमेशन शिकते. तिने तेवीसही झाडांची चित्रं काढली, प्रत्येकाखाली क्रमांक, घेर, आणि त्या झाडाखाली काय चालतं ते. नऊ नंबरखाली चहावाला, सतरा नंबरखाली रिक्षास्टँड, एकवीसवर घारीचं घरटं. चहावाल्याने नऊ नंबर लॅमिनेट करून टांगलाय. हरकतीच्या अर्जावर आता एकशे सहा सह्या आहेत. "रस्ता नको का तुम्हाला?" असं रिक्षावाले विचारतात, तेव्हा मी आखणी उघडून दाखवतो.

सुनावणी पुढच्या गुरुवारी आहे, सकाळी अकराला. सुट्टी टाकली आहे.