झाशीच्या परसातला चैत्र

१८५८ सालचा गुढीपाडवा १६ मार्चला आला. १५ मार्चला सूर्यग्रहण होते, तेव्हा अमावास्येच्या तारखेबद्दल वाद नाही आणि पुढच्या तिथी बोटांवर मोजता येतात. चैत्र शुद्ध तृतीया, म्हणजे मराठी घरात गौर झोपाळ्यावर बसण्याचा दिवस, १८ मार्चला पडते. तीनच दिवसांनी, २१ मार्चला, इंग्रज सेनापती सर ह्यू रोजची फौज झाशीपुढे येऊन ठाकली. २५ मार्चला तोफांचा मारा सुरू झाला, १ एप्रिलला बेतवेकाठी तात्या टोप्यांची कुमक उधळली गेली, ३ एप्रिलला इंग्रज तटावरून शहरात उतरले आणि ४ तारखेच्या रात्री राणी लक्ष्मीबाई किल्ल्याबाहेर पडली. गौर मात्र अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत, माहेरी असते. झाशीचा वेढा हा असा सगळाच्या सगळा गौरीच्या महिन्यात झाला. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते आणि त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणीच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची हकीकत आहे. ती वाचणारे बहुतेक जण तिथे राणीचे धैर्य किंवा दरबारचा थाट पाहतात. दोन्ही बरोबरच आहे. पण हळदीकुंकू म्हटले की फुले, पाने, कैऱ्या, हरभरे आले, आणि ते कुठून आले हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की झाशीतल्या मराठी घरांची परसबाग हौसेवर चालत नव्हती, ती पंचांगावर चालत होती. आणि फाल्गुन संपता संपता झाडांची जी पाहणी व्हायची, ती त्या पंचांगाचाच एक न लिहिलेला भाग होती.

मराठे झाशीत आले ते काही झाडे लावायला नव्हे. १७४२ मध्ये पेशव्यांनी नारो शंकरांना तिथे सुभेदार म्हणून पाठवले. ओरछाच्या बीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधलेला किल्ला त्यांनी वाढवला, त्या वाढीव भागाला शंकरगड नाव पडले आणि किल्ल्याखाली शहर वसले. पुढे सुभेदारी रत्नागिरीकडच्या नेवाळकरांकडे गेली, ती गंगाधररावांच्या निधनापर्यंत, म्हणजे १८५३ पर्यंत. या शंभर-सव्वाशे वर्षांत भट, कारकून, शिलेदार, त्यांची बायकामुले अशी कोकणातली आणि देशावरची कुटुंबे इथे स्थिरावली. येताना त्यांनी देव आणले, आणि देवांबरोबर त्यांच्या मागण्या आल्या. गणपतीला दूर्वा, महादेवाला बेल, विष्णूला तुळस, गौरीला मोगरा. या मागण्या जिथे ठरल्या तिथली हवा वेगळी. झाशी उभी आहे ती बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटवर. तिथला शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो, मार आणि काबर या काळ्या, पडवा आणि राकड या हलक्या, तांबूस. शहराभोवतीच्या उंचवट्यांवर राकडच जास्त, खडे फार, पाणी धरत नाही. पाऊस बहुतेक सगळा तीन महिन्यांत पडून जातो. पौषात थंडी इतकी की कोवळी पाने जळून काळी पडतात, आणि वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या वर जाऊन लू सुटते. कोकणातल्या माणसाला यातली एकही गोष्ट ओळखीची नाही. थंडीने झाड मरते, हेच त्याला आधी शिकावे लागले असणार.

म्हणून फाल्गुनातली पाहणी. थंडीने काय नेले, काय फुटते आहे आणि लू सुटेपर्यंत काय जगेल, हे तीन प्रश्न दक्षिणेत एकदम पडत नाहीत. झाशीत ते पंधरा-वीस दिवसांत पडतात. सुरुवात वृंदावनापासून. झाशीच्या थंडीत तुळस फार सोसते. पाने गळतात, शेंडे काळे पडतात, उरतात त्या वाळलेल्या मंजिऱ्या. घरातली जाणती बाई अशी तुळस उपटत नाही. काडीवर नख मारून बघते, साल आत हिरवी असली तर वरचे वाळके खुडून टाकते, मंजिऱ्या चोळून बी त्याच मातीत पाडते आणि जुने झाड धरते की नवी रोपे हे चैत्रावर सोडते. कढीलिंबाचेही तसेच. रत्नागिरीत बाराही महिने हिरवा असणारा हा गडी उत्तरेत हिवाळ्यात पार उघडा होतो, आणि नव्या माणसाला तो मेला असेच वाटते. फाल्गुनाच्या शेवटी बुडखा फुटला की खात्री पटते. बेलाची तऱ्हा उलटी. माघात महाशिवरात्रीला त्याने पाने पुरवलेली असतात आणि वसंतात सगळी झाडे पालवत असताना तो आपली पाने टाकत बसतो. तेव्हा चैत्रात बोडका दिसणारा बेल मेलेल्यांत धरायचा नाही. मोगऱ्याला थंडीत पाणी तोडलेले असते. छाटणी करून, बुंध्याशी माती मोकळी करून पाणी सुरू केले की चैत्रात पहिल्या कळ्या येतात. न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी केळ थंडीने फाटून करपलेली असते, पण कोका जिवंत असला तर मार्चमध्ये नवे पान सोडते. आणि आंबा. त्याचा मोहोर टिकला की गळाला, याच्यावर डाळ नि पन्हे अवलंबून.

या आंब्यापाशी जरा थांबायला हवे, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा तोच आहे. चैत्रगौरीचे हळदीकुंकू आंबेडाळीवाचून होत नाही. कोकणात पाडव्याला कैरी हाताला लागण्याइतकी झालेली असते. बुंदेलखंडात मोहोरच फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, आंबा पिकतो जूनमध्ये, आणि पाडवा १८५८ सारखा मार्चच्या मध्यावर आला तर झाडावर वाटाण्याएवढ्या बाळकैऱ्या असतात. म्हणजे पाडव्यालाच कैरी हवी असा नियम असता तर झाशीत तो दर दोन-तीन वर्षांनी मोडावा लागला असता. प्रथा तसे मागतच नाही. गौर तृतीयेला बसवायची हे पक्के, पण हळदीकुंकू महिनाभरात केव्हाही. यावर कोणी म्हणेल की ही मोकळीक बायकांच्या सोयीची आहे. एकाच दिवशी सगळ्यांनी केले तर कोण कोणाकडे जाणार? म्हणणे खरे आहे. पण घरोघरची सोय मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवालाही बघितली जाते आणि तिथे नैवेद्याचा पदार्थ झाडावर लटकत नसतो, तीळ आणि गूळ घरात भरलेले असतात. चैत्रात मुदत सोयीसाठी असेल, तिचा उपयोग मात्र झाडाने करून घेतला. झाशीसारख्या उशिराच्या मुलखात ही प्रथा तगली ती याच मोकळिकीमुळे. पाडव्याच्या कडुनिंबाचेही असेच. दक्षिणेत पाडव्याला निंब फुललेला असतो, झाशीत तेव्हा तो जुनी पाने टाकून तांबूस पालवीवर आलेला असतो. फूल मिळत नाही तिथे पालवीवर भागवायचे, हे ठरवायलाही झाडाकडे एकदा बघून यावे लागते.

बागेची खरी गरज तरी होती का, असा आक्षेप घेता येईल. झाशीभोवती काछी लोकांची भाजीपाल्याची वाडी होती, चोवीस-पंचवीस किलोमीटरवर बरुआ सागरच्या तलावाखाली आजही आले पिकते, आणि पैसेवाल्या सुभेदारी शहरात फुले विकत मिळणार नाहीत हे संभवत नाही. राजवाड्याच्या हळदीकुंकवाला तर माळ्यांनीच पाट्या भरून फुले दिली असतील. हा आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. चैत्राच्या यादीतल्या काही वस्तू कोणाच्याच परसात नव्हत्या. नारळ आणि सुपारी झाशीत येतच नाहीत, त्या बाजारच्याच. ओटीतले भिजवलेले हरभरे शेतातले, आणि बुंदेलखंड हा हरभऱ्याचाच मुलूख, त्यामुळे चैत्रात ते नुकतेच खळ्यावरून आलेले असत. वाळाही नदीनाल्यांच्या काठचा. पण रोजची पूजा बाजारावर चालत नाही. पहाटे आंघोळ करून सोवळ्याने तोडायची तुळस, बेल, दूर्वा, जास्वंद ही चार पावलांवरच हवीत. शिवाशिव पाळणाऱ्या घराला पत्री विकत घेणे परवडले तरी चालत नसे. आणि चैत्रांगण बघा. अंगणात महिनाभर काढायच्या त्या रांगोळीत तुळशीवृंदावन आहे, आंबा आणि केळ आहे, कमळ आहे, नारळही आहे. जे परसात होते ते आणि जे कधीच होणार नव्हते ते, दोन्ही एकाच अंगणात. झाशीत ही रांगोळी काढणाऱ्या बाईला आपल्या बागेत काय कमी आहे हे दरवर्षी डोळ्यांपुढे येत असणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यात मराठी असे काय? बुंदेलखंडाला तुळशीचे आणि झाडांचे वेड मराठ्यांच्या आधीपासून आहे. कर्नल स्लीमन १८३५ च्या डिसेंबरात या भागातून गेला. ओरछाचा राजा दरवर्षी लुधौरा इथे शालिग्रामाचे तुळशीशी लग्न लावी, त्या लग्नाची हकीकत स्लीमनने लिहून ठेवली आहे. आठ हत्ती, बाराशे उंट, चार हजार घोडे आणि तीन लाखांच्या आसपास खर्च. इतका खर्च कुठल्या मराठी सुभेदाराने तुळशीवर केल्याचे कोणी म्हणणार नाही. शिवाय चैत्र नवरात्रात बुंदेलखंडी घरांत जवारे पेरतात, पाडव्याला मडक्यात जव टाकून नवव्या दिवशी अंकुर मिरवत नेऊन विसर्जन करतात. बियाण्याची उगवण तपासायची याहून सरळ रीत नाही. मराठी घरे तेच घटाच्या रूपाने आश्विनात करतात. तेव्हा झाडांची मोजदाद ही मराठ्यांनी झाशीला दिलेली देणगी, असे मी म्हणत नाही. त्यांचे वेगळेपण दोन गोष्टींत दिसते. ओरछाची तुळस कार्तिकात राजाच्या खर्चाने मिरवते. चैत्रगौर घराघरांत, बायकांच्या ताब्यात असते. आणि जवारे नऊ दिवसांत संपतात, गौर महिना घेते. महिनाभर पाहुण्या येणार म्हणजे महिनाभर परस नजरेखाली राहणार.

उरला वेढा. राणीने वेढ्याआधी शहराभोवतीचा मुलूख उजाड करवला, शत्रूला गवताची काडीही मिळू नये म्हणून. रोजला वैरण शिंद्यांकडून आणि ओरछाकडून मिळवावी लागली. हे खरे तर बागा कशा वाचल्या? पण इंग्रज इतिहासकार मॅलेसनच्या इतिहासात, हा उजाड मुलूख वर्णन केल्यावर, शहराजवळची मोठी देवळे आणि चिंचेच्या राया येतात. म्हणजे सरसकट सगळे तोडले गेले नव्हते. वैरण आणि पिके गेली, देवळांलगतची झाडे राहिली. तटाच्या आतल्या परसांचे नुकसान त्यानंतर झाले, आणि ते कुऱ्हाडीने नव्हे. हलवाईपुऱ्याला आग लावली गेली, कत्तल आणि लूट कित्येक दिवस चालली, लपण्यासाठी लोक वस्तीतल्या विहिरींत उतरले. ज्या विहिरींवर केळी आणि मोगरे जगत होते त्याच त्या. विहीर बाटली की परस संपलेच.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८६१ मध्ये झाशी शहर शिंद्यांकडे गेले, १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी ते परत घेतले. मधल्या पंचवीस वर्षांत दरबार पुन्हा मराठी असल्याने मराठी घरांना काही आधार मिळाला, पण १८६८-६९ च्या दुष्काळाने पुन्हा विहिरी आटवल्या. १८८९ मध्ये रेल्वे आली. मुंबईचा नारळ आणि पुढेमागे कोकणची कैरीही गाडीने येऊ लागल्यावर झाडाची वाट बघत हळदीकुंकवाचा दिवस ठरवण्याचे कारण उरले नाही. राणीच्या शौर्याने झाशीचा बाकीचा इतिहास झाकून टाकला आहे, यात राणीचा दोष नाही. दोष आपल्या वाचनाचा. झाशी, ग्वाल्हेर, सागर, इंदूर इथल्या ज्या मराठी घरांत आजी-पणजीच्या खर्चाच्या वह्या अजून माळ्यावर असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी फाल्गुन-चैत्राची पाने उघडून बघावीत. कैरी, नारळ, मोगरा यांतले काय विकत आणले ते तिथे असेल, आणि जे लिहिलेले नसेल ते परसातून आले असेल.