‘सायको’चे संगीत : न दिसलेल्या घावांचा आवाज

मानसशास्त्रीय थरारपटात भीतीचे मूळ पात्राच्या मनात असते, आणि कॅमेऱ्याला मन दिसत नाही. त्याला चेहरा दिसतो, हातांची हालचाल दिसते, फार तर डोळ्यांतील चलबिचल दिसते. त्यापलीकडे जे चालले आहे ते प्रेक्षकापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी बहुतेक वेळा पार्श्वसंगीतावर येते. याचा ठळक दाखला म्हणून अल्फ्रेड हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’चे नाव आजही घेतले जाते. विशेष म्हणजे, या चित्रपटातील सर्वांत गाजलेल्या प्रसंगाला संगीत देऊच नये, अशी खुद्द हिचकॉकची सूचना होती.

आपल्याकडे त्या काळातील रहस्यपटांचे संगीत म्हटले की ‘बीस साल बाद’ (१९६२) किंवा ‘वह कौन थी’ (१९६४) यांतील झपाटून टाकणारी गाणी आठवतात. ‘सायको’त गाणे नाही. कथेतील घरात ग्रामोफोन आहे, त्यावर बेथोवेनच्या ‘इरोइका’ सिंफनीची तबकडीही आहे. मॅरियनची बहीण लीला ती पाहते, पण तबकडी वाजत नाही. जे ऐकू येते ते सगळे पडद्यामागचे, संगीतकार बर्नार्ड हरमनने रचलेले.

न्यूयॉर्कमध्ये १९११ साली जन्मलेल्या हरमनने तोवर ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ला (१९४१) आणि हिचकॉकच्याच ‘व्हर्टिगो’ (१९५८) व ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ला (१९५९) संगीत दिले होते. ‘सायको’ मात्र वेगळ्या परिस्थितीत तयार होत होता. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ सालच्या कादंबरीवरील हा चित्रपट हिचकॉकने आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या तंत्रज्ञांना हाताशी धरून, सुमारे ८ लाख डॉलरमध्ये, कृष्णधवल रंगात चित्रित केला. हरमनने वाद्यवृंदातून पितळी वाद्ये, बासऱ्या, ढोल, झांजा असे सारे काढून टाकले आणि फक्त व्हायोलिन, व्हिओला, चेलो व डबल बास ठेवले. खर्चाची मर्यादा हे त्याचे एक कारण सांगितले जाते. हरमनचे स्वतःचे म्हणणे असे, की कृष्णधवल चित्राला कृष्णधवल नाद हवा होता. त्या काळी चित्रपटात नुसती तंतुवाद्ये आली की प्रेक्षक प्रेमप्रसंगाची अपेक्षा करीत. तोच आवाज भीतीसाठी वापरणे हे धाडसच होते. त्यात हरमनने बहुतेक ठिकाणी वाद्यांवर ‘म्यूट’ बसवून, म्हणजे तारांचा आवाज दाबून वाजवायला सांगितले. त्यामुळे साऱ्या चित्रपटावर एक कोंदट, श्वास अडकल्यासारखी छाया राहते.

सॉल बासने केलेल्या श्रेयनामावलीवरच संगीताचा पहिला हल्ला होतो. गजाचे तुटक, धावते फटकारे आणि त्याखाली एक अस्वस्थ स्वरसंगती. कोमल गंधाराच्या त्रिस्वरीवर शुद्ध निषाद ठेवला, की उदासपणा आणि ताण एकाच वेळी ऐकू येतो. हरमनने ही संगती हिचकॉकच्या चित्रपटांत इतक्या वेळा वापरली, की पुढे अभ्यासकांनी तिला ‘हिचकॉक कॉर्ड’ असेच नाव दिले.

या सुरुवातीच्या धुनेचे खरे काम पुढे आहे. फिनिक्स शहरात नोकरी करणारी मॅरियन क्रेन मालकाचे ४० हजार डॉलर घेऊन मोटारीने पळते. पडद्यावर काय दिसते? सुकाणूवर हात ठेवून बसलेली एक तरुणी, समोरचा रस्ता, संध्याकाळ, मग पाऊस आणि काच पुसणारे वायपर. हीच दृश्ये आवाज बंद करून पाहिली, तर ती एखाद्या गृहिणीच्या कंटाळवाण्या प्रवासाचीही वाटतील. परंतु श्रेयनामावलीची तीच धून येथे परत येते आणि काहीतरी भयंकर घडणार आहे ही जाणीव विझू देत नाही. मॅरियनच्या मनातील अपराधाची टोचणी संवादांपेक्षा या फटकाऱ्यांतून अधिक कळते. ती बेट्स मोटेलवर पोहोचली, की ही धून मागे पडते. तिचे मन थोडे शांत होते. धोका आता दुसऱ्याच मनात आहे.

ते दुसरे मन नॉर्मन बेट्सचे. मोटेलच्या मागच्या खोलीत, भुसा भरलेल्या पक्ष्यांच्या सान्निध्यात, तो आणि मॅरियन बोलत बसतात. हा संवाद बराच वेळ संगीताविना चालतो. आईला एखाद्या संस्थेत का ठेवत नाही, असे मॅरियन सहज सुचविते आणि नेमक्या त्या वाक्याला खालच्या सप्तकातील तंतुवाद्ये हलकेच जागी होतात. अँथनी पर्किन्सच्या चेहऱ्यावरील बदल त्यांच्यामुळे अधिक गडद होतो. यातील तीन सुरांची एक छोटी आकृती नॉर्मनच्या विकृतीची खूण बनते आणि शेवटी पुन्हा ऐकू येते. चित्रपटाच्या अखेरीस मनोविकारतज्ज्ञ नॉर्मनच्या आजाराचे जे लांबलचक विवेचन करतो, ते आज नीरस वाटते. त्या तीन सुरांनी ते कितीतरी आधी सांगून टाकलेले असते.

आता तो न्हाणीघरातील प्रसंग. चित्रीकरण डिसेंबर १९५९ मध्ये सात दिवस चालले. कॅमेऱ्याच्या ७० हून अधिक जागा बदलल्या गेल्या. पडद्यावर प्रत्यक्ष खून पाऊण मिनिटाच्या आसपास चालतो. सुरा दिसतो, हात दिसतो, पाणी दिसते. घाव मात्र जवळजवळ दिसतच नाहीत. येथे फक्त पाण्याचा आणि किंकाळ्यांचा आवाज असावा, अशी हिचकॉकची कल्पना होती. हरमनने तरीही संगीत लिहिले. चित्रपटाच्या कच्च्या संकलनावर हिचकॉक नाराज होता आणि तो कापून दूरचित्रवाणीसाठी वापरावा असे त्याच्या मनात आले होते, असे हरमनने पुढे सांगितले. त्या अवस्थेत हरमनने प्रसंग दोन्ही प्रकारे दाखविला आणि हिचकॉकने आपली सूचना मागे घेतली.

त्या संगीतात वाद्यांवरचे ‘म्यूट’ काढलेले आहेत. दाबून ठेवलेला आवाज इथे एकदम मोकळा होतो, आणि निम्मा धक्का त्याचाच असतो. टिपेला गेलेली व्हायोलिने एकाच सुरावर गज आपटत राहतात. मग एकेक गट खालून त्या सुराशी न जुळणारे सूर घेऊन मिसळत जातो. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वाद्यांच्या अगदी जवळ ठेवले होते, त्यामुळे तारेवरचा गजाचा खरखरीत घासाही कानावर येतो. कोणी त्यात स्त्रीची किंकाळी ऐकतो, कोणी सुऱ्याचे वार, तर कोणी नॉर्मनच्या त्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा चीत्कार. (‘क्रेन’ हे मॅरियनचे आडनावही एका पक्ष्याचेच आहे.) कॅमेऱ्याने न दाखविलेले घाव कान पूर्ण करतात, म्हणूनच अनेकांना हा प्रसंग प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा अधिक रक्तरंजित आठवतो. मॅरियन भिंतीवरून घसरत असताना संगीत खालच्या जड सुरांवर उतरते आणि थांबते. मग फक्त पाणी वाहत राहते. हिचकॉकला हवी असलेली शांतता अखेर आली, पण ती खुनानंतर. तिथे ती कितीतरी अधिक अंगावर येते.

हाच चीत्कार पुढे जिन्यावर गुप्तहेर आर्बोगास्टवर हल्ला होतो तेव्हा आणि तळघरात आईचे रहस्य उघड होते तेव्हा परत येतो. जिन्यावर प्रेक्षकाला तो अपेक्षितही असतो, तरीही दचकायला होते.

चित्रपटाच्या परिणामात ३३ टक्के वाटा संगीताचा आहे, असे हिचकॉक म्हणाल्याचे सांगितले जाते. ऑस्करसाठी ‘सायको’ला चार नामांकने मिळाली, त्यांत संगीताचे नव्हते. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००५ मध्ये अमेरिकी चित्रपटांच्या सर्वोत्तम २५ संगीतरचना निवडल्या, तेव्हा ‘सायको’ चौथ्या क्रमांकावर होता.

हिचकॉक आणि हरमन यांचे सख्य मात्र टिकले नाही. ‘द बर्ड्स’मध्ये (१९६३) रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नव्हते, तेथे हरमन ध्वनी सल्लागार होता. १९६६ सालच्या ‘टॉर्न कर्टन’साठी त्याने केलेले संगीत हिचकॉकने नाकारले आणि जॉन ॲडिसनकडून नवे करून घेतले. त्या चित्रपटातील एक दीर्घ खूनही हिचकॉकला संगीताविना हवा होता. हरमनने याही वेळी त्यासाठी संगीत लिहिले होते, पण या वेळी ‘सायको’ची पुनरावृत्ती झाली नाही. दोघांनी पुन्हा एकत्र काम केले नाही. हरमनने मार्टिन स्कोर्सेसीच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’चे ध्वनिमुद्रण २३ डिसेंबर १९७५ रोजी संपविले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे निधन झाले. १९७६ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटाच्या शेवटी ‘सायको’तील ती तीन सुरांची आकृती ऐकू येते.

गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये ‘सायको’ जवळजवळ दृश्यागणिक नव्याने चित्रित केला. नट बदलले, चित्रपट रंगीत झाला. संगीत मात्र हरमनचेच ठेवण्यात आले. डॅनी एल्फमनने ते नव्या ध्वनिमुद्रणासाठी बेतून घेतले.