एकपृष्ठी अनुप्रयोगातील मार्ग आणि विभाग : एक ऐतिहासिक विवेचन

संगणकशास्त्रात काही प्रश्न असे आहेत की, त्यांचे उत्तर एकदा मिळाल्यानंतरही प्रत्येक नव्या साधनाबरोबर ते पुन्हा उपस्थित होतात. मोठ्या आज्ञावलीचे विभाग कोणत्या तत्त्वावर पाडावेत, हा त्यांपैकी एक होय. सिंगल-पेज अ‍ॅप्लिकेशन, म्हणजे ज्यात ब्राउझर प्रारंभी एकच पृष्ठ आणतो आणि पुढील सर्व दृश्ये जावास्क्रिप्टच्या साहाय्याने त्याच पृष्ठात उभी करतो असा अनुप्रयोग. त्याच्या इतिहासात या प्रश्नाला दुसरा एक प्रश्न येऊन मिळाला : प्रत्येक दृश्याला पत्ता कसा द्यावा? पहिला प्रश्न मॉड्यूलचा, म्हणजे विभागाचा. दुसरा रूटचा, म्हणजे मार्गाचा. दोहोंचा उगम भिन्न आहे व प्रयोजनही भिन्न आहे. हा भेद ज्या ज्या वेळी दृष्टीआड झाला, त्या त्या वेळी अडचणी निर्माण झाल्या, असे इतिहासावरून दिसते.

१

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा पृष्ठ म्हणजे दस्तऐवज आणि पत्ता म्हणजे त्याचे स्थान, अशी साधी व्यवस्था होती. सर्व्हरवरील फोल्डरांची मांडणी हीच बहुधा मार्गांची मांडणी असे. या सोयीतील धोका बर्नर्स-ली यांनीच १९९८ साली दाखवून दिला. फाइलनामाचा प्रत्यय, लेखकाचे नाव, वापरलेल्या यंत्रणेची खूण यांसारख्या बदलणाऱ्या गोष्टी पत्त्यात येऊ देऊ नयेत, असे त्यांनी प्रतिपादिले. पत्ता एकदा प्रसृत झाला की तो इतरांच्या लेखनात व स्मरणात जाऊन बसतो. तो बदलणे म्हणजे दिलेले वचन मोडणे होय.

विभागांचा विचार याहून जुना आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एकाच आज्ञावलीची दोन प्रकारे विभागणी करून दाखविली. शीर्षकांतील शब्द पाळीपाळीने अग्रस्थानी आणून वर्णानुक्रमे सूची करणे, एवढेच त्या आज्ञावलीचे काम होते. पहिल्या विभागणीत कामाचा एकेक टप्पा हा एकेक विभाग होता. दुसरीत पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका विभागात झाकलेला होता. पहिलीत माहिती साठविण्याची रीत बदलली की जवळजवळ सर्व विभाग बदलावे लागत. दुसरीत तो बदल एका विभागापुरता राही. कामाच्या क्रमावरून विभागणीस आरंभ करणे हे बहुधा चुकीचेच, असा निष्कर्ष पार्नास यांनी काढला.

२

ब्रेंडन आयक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट भाषेची पहिली आवृत्ती सुमारे दहा दिवसांत तयार केली. पृष्ठावर लहानसहान हालचाल घडविणे एवढाच तेव्हा उद्देश असल्याने तिच्यात विभागांची सोय नव्हती. सर्व नावे एकाच सामायिक अवकाशात वावरत. १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये पृष्ठ न बदलता सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय झाली. २००४ चे जीमेल व २००५ चे गूगल मॅप्स यांनी तिचे सामर्थ्य सर्वांच्या नजरेस आणले, आणि त्याच वर्षी जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीस ‘एजॅक्स’ हे नाव दिले.

या पद्धतीत पृष्ठ बदलत नसल्याने पत्ताही बदलेना. ‘मागे’ ही कळ दाबली की वाचक अनुप्रयोगातूनच बाहेर पडे. पाहिलेले दृश्य दुसऱ्यास दाखवावयाचे तर पाठविण्याजोगा पत्ता नसे. यावर हॅश चिन्हाचा तात्पुरता उपाय शोधण्यात आला. पत्त्यातील त्या चिन्हापुढील भाग सर्व्हरकडे जात नाही, तो बदलल्याने पृष्ठ नव्याने येत नाही, पण ब्राउझरच्या इतिहासात त्याची नोंद मात्र होते. शोधयंत्रांना अशी दृश्ये वाचता यावीत म्हणून गूगलने २००९ साली हॅशपुढे उद्गारचिन्ह जोडण्याची योजना सुचविली, व २०१० साली ट्विटरने नव्या रचनेत तसे पत्ते स्वीकारले. पुढे २०११ च्या फेब्रुवारीत गॉकर समूहाच्या संकेतस्थळांवर जावास्क्रिप्ट न चालल्याने पाने कोरी दिसू लागली. पत्त्याचा अर्थ केवळ ब्राउझरमधील आज्ञावलीस ठाऊक असेल, तर ती बंद पडताच पत्ता निरर्थक ठरतो, हे त्यातून स्पष्ट झाले. ट्विटरने २०१२ साली पहिले दृश्य पुन्हा सर्व्हरवर तयार करण्यास आरंभ केला. त्यायोगे पृष्ठ प्रथम उघडण्याचा काळ पूर्वीच्या एक-पंचमांशावर आल्याचे त्या कंपनीने जाहीर केले. गूगलनेही २०१५ साली आपली योजना मागे घेतली.

दरम्यान एचटीएमएल ५ मधील इतिहास-सुविधेमुळे पृष्ठ न बदलता संपूर्ण पत्ता बदलणे शक्य झाले होते. मात्र त्यासाठी अनुप्रयोगातील कोणताही पत्ता थेट मागितला तरी सर्व्हरने योग्य पृष्ठ द्यावे लागते. वचन ब्राउझरने द्यावे आणि सर्व्हरने पाळावे, असे त्याचे स्वरूप आहे.

३

विभागांची उणीवही याच काळात भरून निघाली. २००९ साली कॉमनजेएसचा उपक्रम व नोड ही दोन्ही पुढे आली. २०१२ साली टोबियास कोपर्स यांनी वेबपॅकचे काम सुरू केले. आणि २०१५ च्या जूनमध्ये, भाषेच्या जन्मानंतर वीस वर्षांनी, विभाग हे भाषेच्या प्रमाणित स्वरूपाचे अंग झाले. तथापि साधन मिळाले म्हणून तत्त्व मिळाले असे नव्हे. २००४ च्या रूबी ऑन रेल्सच्या वळणावर अनेकांनी फाइलींची प्रकारानुसार मांडणी केली : नियंत्रक एका फोल्डरात, दृश्ये दुसऱ्यात, सेवा तिसऱ्यात. ग्रंथालयाच्या अनुप्रयोगाचे उदाहरण घ्यावे. विलंबशुल्काची केवळ एक नवी सवलत आणावयाची, तरी तीन-चार फोल्डरांत हात घालावा लागे. म्हणून ग्रंथ, सभासद, शुल्क अशी कार्यानुसार मांडणी रूढ होऊ लागली.

या मांडणीला मार्गाने आयती चौकट दिली. २०१३ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या एम्बरमध्ये पत्त्याचे एकात एक असलेले खंड आणि एकात एक असलेली दृश्ये यांची सांगड घातलेली होती. २०१४ च्या रिअ‍ॅक्ट राउटरने तिचेच अनुकरण केले. २०१६ च्या नव्या अँग्युलरमध्ये मार्ग उघडला जाईपर्यंत त्याचा विभाग ब्राउझरमध्ये न आणण्याची सोय होती. सभासदाने शुल्काचे पान उघडलेच नाही, तर त्याची आज्ञावली त्याच्या यंत्रावर येण्याचे कारण नाही. त्याच वर्षीच्या नेक्स्ट जेएसने फाइलीच्या नावावरूनच पत्ता ठरविला आणि प्रारंभीची व्यवस्था एका अर्थी परत आणली.

४

तेव्हा मार्ग हाच विभाग, असे समीकरण मांडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु मार्ग म्हणजे वापरणाऱ्याच्या प्रवासाचा क्रम. आणि क्रमावरून केलेली विभागणी हीच तर पार्नास यांनी सदोष ठरविली होती. विलंबशुल्काची आकारणी सभासदाच्या खात्यातही दिसते आणि ग्रंथ परत घेण्याच्या पानावरही दिसते. प्रत्येक मार्गाने ती स्वतंत्रपणे केली, तर नियम बदलताच दोन पाने दोन रकमा दाखवू लागतील, आणि त्याचा भुर्दंड सभासदास सोसावा लागेल. आकारणीस स्वतःचा मार्ग नाही. पण स्वतःचा विभाग हवा. तिला ‘सामायिक’ नावाच्या फोल्डरात टाकून भागत नाही, कारण तेथे कोणताही एक निर्णय झाकला जात नाही. केवळ अडगळ साठते.

उलट बाजूने पाहता, फाइलीचे नाव हाच पत्ता झाला की अंतर्गत सोयीसाठी केलेले नामांतर बाहेरच्या वाचकाचा दुवा तोडते. बर्नर्स-ली यांनी १९९८ साली दिलेला इशारा येथे पुन्हा लागू पडतो. अँग्युलरमध्ये २०२२ साली स्थिर झालेल्या बदलानंतर मार्गाला थेट घटक जोडता येऊ लागला व त्यासाठी विभागाची सक्ती उरली नाही. आज्ञावली पोहोचविण्याची सीमा आणि रचनेची सीमा एकच असली पाहिजे असे नाही, याची ती एक कबुलीच म्हणावी लागेल.

सारांश, मार्ग हे जगाला दिलेले वचन आहे, तर विभाग हे जगापासून राखलेले गुपित आहे. वचन टिकावे म्हणून पत्ता स्थिर हवा. गुपित बदलता यावे म्हणून विभाग मोकळा हवा. या दोहोंमध्ये मार्गांची एक स्पष्ट सारणी असणे इष्ट होय. कोणता पत्ता कोणत्या विभागाकडे जातो एवढेच तिने सांगावे. एकाच्या बदलाची झळ दुसऱ्यास मग लागत नाही.