छपरावरच्या रेघा

पन्हळी पत्र्याचं छप्पर काढायला सांगितलं, तर लहान मूलसुद्धा समांतर रेघा मारून मोकळं होतं. कॅड सॉफ्टवेअरही तेच करतं. पण त्या रेघांना अर्थ आहे, आणि तो जवळपास दोनशे वर्षं जुना आहे.

१८२९ साली लंडन डॉक कंपनीचा इंजिनिअर हेन्री रॉबिन्सन पामर याने पन्हळी लोखंडी पत्र्याचं पेटंट घेतलं. कल्पना तुम्हीही करून पाहू शकता. साधा कागद एका टोकाला धरला की लोंबतो. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घाला, तो ताठ राहतो. पण फक्त घड्यांच्या दिशेने. आडवा धरला तर लगेच दुमडतो. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि गंजाचा प्रश्न बराच आटोक्यात आला. पत्रे हलके, एकात एक बसणारे, म्हणून जहाजांतून जगभर गेले. पुढे आपल्याकडेही कौलांच्या शेजारी पत्रा आला.

म्हणजे नकाशातली रेघ दोन गोष्टी सांगते: पाणी कुठल्या दिशेने वाहणार आणि पत्रा कुठल्या दिशेने ताकद देणार. म्हणून ती आढ्यापासून वळचणीकडेच जायला हवी.

हाताने नकाशा काढायच्या काळात प्रत्येक रेघेला टी-स्क्वेअर सरकवावा लागे. त्यामुळे ड्राफ्ट्समन अनेकदा छपराच्या एका कोपऱ्यात चार रेघा दाखवून थांबायचा. प्रत्येक रेघ मारताना दिशा आपोआप डोक्यात असायची. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंडच्या 'स्केचपॅड'ने एकदा काढलेली आकृती हवी तितक्या वेळा वापरण्याची सोय दाखवली. मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रतीही बदलत. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि अशी कामं हळूहळू ऑफिसातल्या टेबलावरच्या संगणकात शिरली.

ऑटोकॅडमधला हॅच पॅटर्न म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. रेघेचा कोन, सुरुवातीचा बिंदू आणि पुढची रेघ किती अंतरावर, एवढं एका ओळीत लिहिलेलं. फर्स्ट इयरला ड्रॉइंगमध्ये आपण छेदावर ४५ अंशांच्या तिरप्या रेघा मारायचो, त्याही इथे एका ओळीत मावतात. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे बघून आनंदच होतो.

पण त्या ओळीत उतार नाही. चार उतारांचं छप्पर एकाच क्लिकमध्ये भरलं, तर दोन बाजूंवर रेघा बरोबर येतात आणि उरलेल्या दोन बाजूंवर आडव्या. तिथे प्रत्येक बाजूचा कोन माणसानेच बदलायचा. लांबीचंही तेच. ३० अंशांच्या उतारावर वरून पाहिलेल्या नकाशात जी रेघ ६ मीटर दिसते, तिथे प्रत्यक्षात सुमारे ६.९३ मीटर पत्रा लागतो. नकाशावर मोजून ऑर्डर दिली, तर जवळजवळ एक मीटर छप्पर आभाळात.

आणि पॅटर्नमध्ये स्क्रूही नसतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कितीतरी घरांचे पत्रे उडाले. वारा छपराला फक्त दाबत नाही, वर ओढतोही. आणि ती ओढ कडांना, कोपऱ्यांना सर्वात जास्त असते. तिथे स्क्रू जवळजवळ लागतात. साध्या पन्हळी पत्र्यात ते बहुधा पन्हळीच्या माथ्यावर बसतात, कारण पाणी खळग्यातून वाहतं. एकसारख्या रेघांनी भरलेल्या नकाशात मात्र कोपरा आणि मधला भाग अगदी सारखेच दिसतात.

म्हणून हॅच मारल्यावर पाच मिनिटं जास्त द्यावीत. उताराचे बाण, पत्र्याची खरी लांबी, जोडावर किती पन्हळी एकमेकींवर चढणार आणि कडेला किती अंतरावर स्क्रू, एवढं शब्दांत लिहावं. शिडीवर चढलेल्या फॅब्रिकेटरच्या हातात आपली फाइल नसते. असतो तो फक्त प्रिंट, नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेला फोटो.