राहायला कुठलं गाव बरं?



संक्रांतीला आमच्या येवल्यात तीन दिवस पतंग उडतात. भोगी, संक्रांत आणि कर. गच्च्यांवर हलकडी वाजते, जेवणंसुद्धा वरच होतात. मी मात्र ते तीन दिवस खालीच असते. मांजाने कापलेले पारवे कुणी ना कुणी आणून देतं, त्यांच्यासाठी पुठ्ठ्याची खोकी, हळद आणि पाणी तयार ठेवावं लागतं. यंदा त्याच गडबडीत मुलाने विषय काढला. "मम्मी, आता तुम्ही दोघं ठाण्यालाच या. पप्पांच्या गुडघ्यासाठी दर वेळी नाशिकपर्यंत 80 किलोमीटर कशाला? आणि इथे आता काय उरलंय?"

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा मात्र मनात टोचला. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा "इथे काय उरलंय" असं म्हटलं की "इथे आधी काय होतं" हे आठवल्याशिवाय मला राहवत नाही.

इथे आधी होतं ते बाहेरून आलेलं होतं. येवला वसवणारा रघोजी नाईक. त्याने शामदास वालजी नावाच्या गुजराती व्यापाऱ्याकडून रेशमाचे विणकर इथे आणवले, अशी येवल्याची कथा आहे. विणकर काही गोड बोलण्यावर भाळून येत नाहीत. रेशमाच्या धंद्याचा मक्ता मिळाला, म्हणजे दुसऱ्या कुणी सहज येऊन तोच धंदा मांडायचा नाही अशी हमी मिळाली, तेव्हा माग इथे लागले. तो मक्ता पुढे इंग्रजी अमलात मोडला, पण तोवर येवला आणि रेशीम हे नातं पक्कं झालं होतं. आज पैठणी म्हटलं की लोक आधी येवल्याला येतात, पैठणला नंतर. म्हणजे ज्या गावाला मी आज "आपलं जुनं गाव" म्हणते, ते कुणीतरी एकेकाळी "जावं की न जावं" असा विचार करून, अटी घालून निवडलेलं आहे.

अटी घालून गाव निवडण्याची याहून तपशीलवार गोष्ट मुंबईची आहे. ती मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

1668 मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. तेव्हा ती शहर नव्हतीच. बेटं, खाजण, माड आणि ताप. इथे माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं गोरे लोकच म्हणत. 1669 पासून कारभार पाहणाऱ्या गव्हर्नर जेराल्ड आँजिअरला मात्र कळलं होतं, की किल्ला बांधून शहर होत नाही, त्यासाठी व्यापारी यावे लागतात. म्हणून त्याने गुजरातेतल्या वाण्यांना, पारशांना, आर्मेनियन लोकांना बोलावणं सुरू केलं. 1677 मध्ये दीव बंदरातल्या नीमा पारख नावाच्या वाण्याने कंपनीला कळवलं, की येतो, पण माझ्या अटी आहेत.

त्या अटी वाचताना मला तो माणूस ओटीवर बसून बायकोशी, भावांशी बोलत बोलत एकेक कलम घालतोय असं वाटतं. घराला आणि वखारीला जागा द्या, तिचं भाडं घेऊ नका. आमच्या घरात आमचा धर्म आम्ही पाळू, कुणी त्रास द्यायचा नाही. आमच्या आवारात ख्रिस्ती किंवा मुसलमान राहणार नाही आणि तिथे कुठल्याही जिवाची हत्या होणार नाही. आमची लग्नं आमच्या रीतीने होतील, आमच्या मेलेल्यांना आम्ही अग्नी देऊ. आमच्यातल्या कुणाला, मग ते मूल असो की बाई, जबरदस्तीने ख्रिस्ती करायचं नाही. मनाविरुद्ध ओझी वाहायला लावायचं नाही, चौकी-पहाऱ्याला जुंपायचं नाही. कुणी दावा केला तर आधी सूचना द्या, भर रस्त्यात धरून नेऊ नका. लढाई झाली तर माल आणि बायकामुलं किल्ल्यात ठेवायला जागा द्या. गव्हर्नरकडे गेलो तर माझ्या इभ्रतीप्रमाणे बसायला मिळालं पाहिजे. पालखीत बसायची, छत्री धरायची मुभा हवी. आणि वर्षाला दहा मण तंबाखूवर जकात घ्यायची नाही.

तंबाखूचं वाचून मला हसू येतं. एवढ्या मोठ्या धर्माच्या आणि जिवाच्या गोष्टींत हळूच ती दहा मणं! पण व्यवहार असाच चालतो. मुंबईच्या मंडळाने फारशी खळखळ न करता हे मान्य केलं.

या यादीत किती नफा होईल हे कुठे विचारलेलं नाही, हे लक्षात आलं का? नफा दिसत होता म्हणून तर तो निघाला. त्याने विचारलं ते असं, की तिथे मी जसा आहे तसा राहू शकेन का, शेजारी कोण असेल, संकटात बायकामुलांना घेऊन कुठे जाऊ आणि मेल्यावर माझं काय होईल.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी 12 व्या शतकात राजा कुमारपालासाठी योगशास्त्र रचलं. त्यात मार्गानुसारी गृहस्थाचे 35 गुण आहेत. आमच्या उपाश्रयात चातुर्मासात साध्वीजींनी त्यावर महिनाभर प्रवचन दिलं होतं. त्यात घराबद्दल सांगितलंय, की ते अगदी उघड्यावर नको, अगदी दडलेलंही नको, शेजार चांगला हवा, बाहेर पडायची दारं पुष्कळ नकोत. आणि जिथे उपद्रव सुरू झालाय ती जागा सोडावी. खेड्यात राहा की नगरात राहा, असं आचार्य म्हणत नाहीत. ते स्वतः पाटणसारख्या भरभराटीच्या राजधानीत वावरले होते, शहर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. हे मी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग आमचा फ्लॅट शास्त्रात बसतो. दार एकच आहे, आणि चौदावा मजला असल्यामुळे उघड्यावरही नाही."

दडलेला आहे की नाही, ते मी त्याला विचारलं नाही.

शहरात धर्म पाळता येत नाही, असं आमच्या बायकांत सर्रास म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बघा. शेअर बाजाराचे बादशहा प्रेमचंद रायचंद मूळचे सुरतेचे, जैन. त्यांनी या टॉवरसाठी 2 लाख रुपये दिले आणि त्याला आईचं नाव देवविलं. 1878 मध्ये तो पुरा झाला. राजाबाईंना दिसत नसे, आणि घड्याळाचे टोले ऐकून त्यांना सूर्यास्ताआधी जेवून घेता यावं, अशी कथा सांगतात. कथेत भर किती ते सोडा, पण चौविहार करणाऱ्या म्हातारीचं नाव शहराच्या सर्वांत मिरवणाऱ्या मनोऱ्याला आहे, हे तर डोळ्यांनी दिसतं. अडचण दुसरीकडेच आहे. माझी सून 7 वाजता लोकलमध्ये असते. तिला टोला ऐकू आला तरी डबा उघडायला हात मोकळा होत नाही. आणि साधू-साध्वींना तर शहरात गोचरी मिळते, पण परठवायला मोकळी जमीन मिळत नाही. हा प्रश्न कुठलाही मनोरा सोडवत नाही.

शहरात कुणी कुणाचं नसतं, हेही मला पटत नाही. बनारसीदासांनी 1641 मध्ये आपलं अर्धं आयुष्य 'अर्धकथानक' नावाने लिहून ठेवलं. जौनपूरचा हा तरुण जवाहिऱ्या आग्र्याला व्यापाराला गेला आणि सगळं घालवून बसला. एका कचोरीवाल्याकडे तो उधारीवर खायचा. शेवटी त्यानेच सांगितलं, की बाबा, माझ्याकडे काही नाही, मला देऊ नकोस. कचोरीवाला म्हणाला, 20 रुपयांपर्यंत खा, तुला कुणी काही म्हणणार नाही. आग्रा म्हणजे तेव्हाचं केवढं अफाट शहर! आणि तिथे भेटला तो हा. पुढे 1616 च्या सुमारास आग्र्यात मरी पसरली तेव्हा बनारसीदास जवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले, आणि मरी सरल्यावर परत आग्र्याला आले. आचार्यांचं "उपद्रवाची जागा सोडावी" हे त्यांनी पाळलं, पण कायमचं सोडा असा त्याचा अर्थ घेतला नाही.

मुंबईनेही तेच केलं. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी सापडले. मांडवी म्हणजे धान्याची कोठारं, कोठारांत उंदीर आणि वरती माळ्यांवर दाटीने माणसं. पुढच्या काही महिन्यांत 8 लाखांच्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं गावाला निघून गेली. त्यांच्याबरोबर रोगही गेला. तेव्हा मांडवीतला माणूस गावाकडच्या घराची किल्ली जपून होता, म्हणून त्याला जायला जागा तरी होती. आणि तो परतही आला. 1911 च्या जनगणनेत मुंबई पावणेदहा लाखांवर गेली होती.

प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबई सुधार मंडळ स्थापन झालं. त्यांनी रस्ते पाडले, गल्ल्या रुंद केल्या आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत 1912 पासून पुढची सुमारे 22 वर्षं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर होतं. येवल्याच्या बाईला इथे थांबावंच लागतं. 13 ऑक्टोबर 1935 ला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली ती आमच्या गावात, आज जिला मुक्तिभूमी म्हणतात तिथे. मी लहान असताना त्या जागेबद्दल आमच्या गल्लीत कुणी काही सांगत नसे. मला ते कळलं शिकवायला लागल्यावर.

"इथलं जुनं, शांत, आपलेपणाचं गाव" असं मी म्हणते तेव्हा ते कुणाच्या बाजूने म्हणते, हे बाबासाहेबांनी विचारायला लावलं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत ते उघड म्हणाले होते, की घटनेच्या मसुद्याने खेडं सोडून व्यक्तीला एकक मानलं याचा त्यांना आनंद आहे. ज्याला पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, त्याला गाव सोडून चाळीतल्या नळाखाली हंडा धरणं हीच मोकळीक होती. आणि शांततेचं म्हणाल तर 1894 मध्ये या छोट्याशा येवल्यातही हिंदू-मुसलमानांची दंगल झालीच होती.

पण शहर आपोआप चांगलं असतं असंही नाही. 1917 मध्ये बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना घर मिळेना. ओळख लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि कळल्यावर काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हे वाचलं आणि मी पुन्हा नीमा पारखच्या यादीकडे गेले. त्यातलं "आमच्या आवारात अमुक राहणार नाही" हे कलम. परक्या गोऱ्यांच्या बेटावर, मूठभर माणसांनिशी उतरताना त्याला ती भिंत हवीशी वाटली, हे मी समजू शकते. जीवहत्या दारात नको हे तर माझंही म्हणणं आहे. पण हीच भिंत बडोद्याला बाहेरच्या बाजूने कशी दिसली असेल?

मुलगा मोठ्या कौतुकाने सांगत होता, "मम्मी, आमच्या सोसायटीत सगळी आपलीच. एजंटने आधी आडनाव विचारलं, मगच फ्लॅट दाखवला." मी तेव्हा काही बोलले नाही. येवल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचं घर आहे त्यांच्याकडे मांसाहार होतो. 35 वर्षांत पर्युषणात त्यांच्या चुलीचा वास आमच्याकडे आलेला नाही. तशी अट कुणी घातली नव्हती.

करीनंतर मुलगा परत गेला. ह्यांच्याशी बोलून मी त्याला मोबाइलवर यादी पाठवली, नीमा पारखसारखी कलमं घालून. एक, येवल्याचं घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. दोन, पावसाळ्याचे चार महिने आम्ही येवल्यात. तीन, स्वयंपाक सूर्यास्ताआधी, सुनेचा डबा मी भरून देईन, तिने गाडीत खावा की नाही ते तिचं तिने ठरवावं. चार, चालत जाता येईल असं मंदिर, ह्यांच्या गुडघ्याने चालत जाता येईल असं. पाच, संक्रांतीला आम्हाला मनमाडच्या गाडीत बसवून द्यायचं, पारवे थांबत नाहीत. सहा, आजारपणात ठाणे, पण शेवटचा अग्नी येवल्यात.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, कंपनीच्या मंडळासारखंच कलमवार. एक मान्य, दोन मान्य, तीन तिला विचारून सांगतो. चार मान्य, लिफ्टमधून उतरलं की समोरच आहे. पाच मान्य. सहावर नुसतं लिहिलं होतं, "मम्मी, असलं काही लिहीत जाऊ नकोस."

शेवटी त्याने विचारलं होतं, शेजाऱ्यांबद्दल काहीच अट नाही का? मी लिहिलं, तुझ्या मजल्यावर चार दारं आहेत, त्यांतली तू किती वाजवली आहेस ते आधी कळव.

त्याचं उत्तर अजून यायचंय.